रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसाठी टायर आणि सस्पेन्शन: काय, कोणत्या क्रमाने आणि का

स्पोर्ट्स कार घेतली की महिनाभरात बहुतेकांचं लक्ष चाकाच्या वरच्या रिकाम्या जागेकडे जातं. टायर आणि मडगार्डमधली ती फट डोळ्यांत खुपायला लागते आणि गाडी खाली बसवायचं मनात पक्कं होतं. मीही तिथूनच सुरुवात केली होती. मूळ शॉक अॅब्सॉर्बर तसेच ठेवले आणि गाडी ४० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या. गाडी दिसायला सुरेख झाली. पण रोजच्या रस्त्यावर एक वळण आहे, त्याच्या मधोमध डांबराचा उंचवटा आहे. पूर्वी गाडी तो उंचवटा गिळून पुढे जायची. आता तिथे मागचं चाक धाडकन आपटून बाहेरच्या बाजूला उडी मारायला लागलं. वर्ष व्हायच्या आत मागच्या दोन्ही शॉकमधून तेल गळू लागलं.

त्या उडीने मला जे शिकवलं, त्यावरच हा लेख उभा आहे. रस्त्यावरच्या गाडीत सस्पेन्शनचं खरं काम एकच असतं: रस्ता कितीही वर-खाली झाला तरी टायर जमिनीवर टेकलेला ठेवायचा. वळणात झोक कमी असणं, गाडी खाली दिसणं, स्टिअरिंग तीक्ष्ण लागणं हे सगळं त्याच्या नंतर येतं. म्हणून माझा क्रम असा आहे: आधी गाडी मूळ अवस्थेत आणायची, मग टायर, मग अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, मग शॉक आणि स्प्रिंग एकत्र, आणि शेवटी अँटी-रोल बार, म्हणजे वळणातला झोक आवरण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.

पहिली पायरी: आहे ती गाडी तपासा

पाच-सात वर्षं चाललेल्या गाडीत 'हँडलिंग ढिलं वाटतं' याचं कारण बहुतेक वेळा झिजलेलं रबर असतं. अशा गाडीवर महागडे शॉक चढवणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवं दार बसवणं.

गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग बघा. ३ आणि ९ वर धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीच्या टोकावर, संशय घ्या. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बुशला (सांध्यातल्या रबराला) पहारीने हलका ताण देऊन रबर फाटलंय का ते बघा. लहान खड्ड्यांवरून हळू जाताना टकटक आवाज येत असेल तर अँटी-रोल बारची लिंक बहुधा संपलेली असते. शॉकच्या अंगावर तेलाचा पुसट थर चालतो, ओघळ चालत नाही.

मग टायरवर तळहात फिरवा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय तो कोन, बिघडलेला आहे. हाताला कळणारी ही खूण डोळ्यांना सहसा दिसत नाही. झीज फक्त आतल्या कडेला असेल तर कॅम्बर (चाकाचा वरचा भाग किती आत किंवा बाहेर झुकलाय तो कोन) आणि टो दोन्ही बघावे लागतील. टायरच्या पूर्ण घेरावर ठरावीक अंतराने खोलगट ठिपके असतील तर शॉक चाकाला आवरत नाहीये.

काही विकत घेण्याआधी तीन आकडे वहीत लिहा: चारही चाकांच्या हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची, टायरमधली थंड हवा आणि अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट. उंची जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा बदलतो. हबपासूनचा आकडा सस्पेन्शन कुठे उभं आहे तेच सांगतो.

शेवटी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की गाडी कुठे चालते. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट रस्ता डोळ्यांसमोर आणा. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याची गाडी उरलेले ३६३ दिवस त्याच रस्त्यावरून जाणार आहे.

दुसरी पायरी: टायर

टायरच्या बाजूला २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू असं काहीतरी लिहिलेलं असतं. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ ही रिम इंचांत. ९४ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरला ६७० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. व्ही असेल तर २४०, वाय असेल तर ३००. कंपनीने दिलेल्या भार आणि वेगाच्या खाली कधीही उतरू नका. डीओटी खुणेचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात. २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. सवलतीत मिळणारे टायर घेताना आधी हे चार आकडे बघायचे.

आता एक हिशेब करून बघा. एका चाकावर ३५० किलो भार आणि टायरमध्ये २.३ बार दाबाची हवा असेल तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने १५० चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे एका पोस्टकार्डाएवढा. गाडीचं थांबणं, वळणं, वेग घेणं सगळं अशा चार पोस्टकार्डांवर चालतं. टायर रुंद केला म्हणून हे पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही. त्याचा आकार बदलतो, ते आडवं रुंद आणि लांबीला आखूड होतं. वळणात याचा फायदा होतो. पण साचलेल्या पाण्यावर तोच रुंद टायर लवकर तरंगू लागतो आणि चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग ओढतो. म्हणून मूळ मापापेक्षा १० मिलिमीटरने रुंद, फार तर २०, इथे मी थांबतो.

पकड ठरते ती मुख्यतः रबराच्या मिश्रणावर. २०१२ साली आलेल्या टोयोटा ८६ला कंपनीने २१५/४५ आर १७ मापाचे मिशलिन प्रायमसी एचपी टायर दिले होते. हा जात्याच शांत, टूरिंग प्रकारचा टायर. कमी वेगातही गाडी खेळती राहावी म्हणून तो मुद्दाम निवडला होता. त्या गाडीवर त्याच मापाचा चांगला समर टायर, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेला, चढवला की ब्रेकिंग आणि वळणं दोन्ही बदलतात, एक नटसुद्धा सस्पेन्शनचा न हलवता. रस्त्यावरच्या गाडीसाठी पहिला खर्च इथेच का करायचा, त्याचं उत्तर या उदाहरणात आहे.

प्रकार कसा निवडायचा? ज्यांची गाडी रोज चालते, पावसात चालते, त्यांनी मिशलिन पायलट स्पोर्ट ४एसच्या जातीचा उच्च कामगिरीचा समर टायर घ्यावा. ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएससारखे २०० ट्रेडवेअरचे (हा झिजेचा आकडा, जितका लहान तितका टायर लवकर झिजतो) टायर कोरड्या ट्रॅकवर अफाट धरतात. पण त्यांना काम करायला उष्णता लागते, ते लवकर झिजतात आणि अशा अनेक टायरांची नक्षी नवेपणीच उथळ असते. सकाळी ऑफिसला निघताना त्यांच्यात ती उष्णता नसते. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली जात असेल तर कुठलाही समर टायर कडक पडतो. अशा हवामानात राहणाऱ्यांना टायरचे दोन संच ठेवण्याला पर्याय नाही.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर असलेला ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला फार कच्चा. युरोपातल्या टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते. मी ती आधी बघतो. कोरड्या रस्त्यावर मधल्या दर्जाचा टायरसुद्धा तुम्हाला वाचवतो, खरा फरक पावसात कळतो. बाजूला पोर्शेसाठीचं एन०, मर्सिडीजसाठीचं एमओ किंवा बीएमडब्ल्यूसाठीचा तारा अशी खूण असेल तर तो टायर त्या गाडीसाठी वेगळा जुळवलेला असतो. नाव तेच आणि खूण वेगळी असे टायर एकाच गाडीवर मिसळू नका.

माप बदलणार असाल तर बाहेरचा व्यास मोजा. २२५/४५ आर १७चा हिशेब असा: २२५ गुणिले ०.४५ म्हणजे १०१ मिमीची साइडवॉल, तिची दुप्पट २०२.५, त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळवले की ६३४ मिमी. २२५/४० आर १८चा व्यास ६३७ येतो, जवळपास तोच. २३५/४० आर १८चा ६४५ येतो, म्हणजे पावणेदोन टक्के मोठा. स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवेल, गिअर तेवढे लांब वाटतील आणि चाक आत घासण्याची शक्यता वाढेल. इंजिन चारही चाकं फिरवतं अशा गाडीत तर चारही टायरांचा घेर सारखाच लागतो, नाहीतर चाकांत ताकद वाटून देणारं ट्रान्सफर केस किंवा डिफरेन्शियल विनाकारण तापत राहतं.

हवेचं माप सकाळी, गाडी हलण्याआधी. बाहेरचं तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने बदलतो, त्यामुळे ऋतू बदलला की हवाही तपासायची. सुरुवात दाराच्या खांबावरच्या स्टिकरने करा आणि २ पीएसआयच्या पावलांनी फरक अनुभवा. नवे टायर पहिले ३०० किलोमीटर जपून चालवा. साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा थर वर असतो, तो घासून जाईपर्यंत खरी पकड मिळत नाही. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते आणि तुम्हाला कळतं. मागचं सुटलं तर गाडी फिरते.

रिमबद्दल

ब्रेक मावतील तेवढी लहान रिम घ्या. हा माझा ठाम सल्ला आहे, आणि दुकानात कुणी तो देणार नाही. १७ वरून १९ इंचांवर गेलं की साइडवॉल पातळ होते, खड्ड्यात रिम वाकते आणि चाकाचं वजन सहसा वाढतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे. प्रत्येक खड्ड्यात शॉकला तेच आवरायचं असतं. दुकानात वजनकाटा मागा आणि रिम त्यावर ठेवून बघा. एकाच मापाच्या दोन रिममध्ये दोन-तीन किलोंचा फरक सहज निघतो.

ऑफसेटचा, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी तिची बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे त्याचा, हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पैसे देऊ नका. समजा मूळ रिम ७.५ इंच रुंद आणि ईटी, म्हणजे ऑफसेट, ४५ आहे, नवी ८.५ इंच आणि ईटी ३५. एक इंच रुंदी वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट १० ने कमी झाला म्हणजे सगळं चाक १० मिमी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर आली आणि आतली कड शॉकच्या दिशेने २.७ मिमी सरकली. आता मडगार्डपाशी तेवढी जागा आहे का, ते स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून बघा. हबचं मधलं भोक नेमकं जुळतं का आणि नटाची बैठक शंकूची आहे की गोलाकार, हेही तपासा. बैठक चुकली तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि रस्त्यात सैल होतो.

तिसरी पायरी: अलाइनमेंट

टायरनंतर सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक इथे मिळतो. रस्त्यावरच्या बहुतेक स्पोर्ट्स कारना पुढे उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर, मागे उणे १.५ च्या आसपास, पुढचा टो शून्याजवळ आणि मागे किंचित टो-इन (चाकांची तोंडं आत) हे मानवतं. कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगचा अक्ष किती मागे झुकलाय तो कोन, गाडी देईल तेवढा घ्या, फक्त डावी-उजवी बाजू सारखी ठेवा. कॅम्बरने टायर खाल्ला जातो असं सगळे म्हणतात. दीड-दोन अंशांच्या कॅम्बरने तो फारसा जात नाही, टायर खातो तो मुख्यतः चुकीचा टो. मशीनवर गाडी चढवताना टाकीत नेहमीएवढं इंधन ठेवा आणि चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाचं काहीतरी ठेवायला सांगा. 'सगळं हिरव्यात आलं' एवढ्यावर समाधान मानू नका. कंपनीने दिलेली मर्यादा रुंद असते, तिच्यात नेमका कोणता आकडा हवा ते तुम्ही सांगायचं.

बरेच जण या पायरीनंतर थांबतात, आणि ते बरोबर करतात.

चौथी पायरी: शॉक आणि स्प्रिंग

टायरची पकड वाढली की वळणात गाडीवर येणारं बळही वाढतं आणि झोक आधीपेक्षा जास्त जाणवतो. म्हणून स्प्रिंग टायरनंतर निवडायची. टायर बदलल्यावर गाडीला खरोखर किती आधार कमी पडतोय ते तेव्हाच कळतं.

जाहिरातीत स्प्रिंगचा कडकपणा '८ किलो' असा लिहिलेला असतो, म्हणजे ८ किलो प्रति मिलिमीटर. तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. चाकाला जाणवणारा कडकपणा वेगळा असतो, कारण स्प्रिंग चाकाइतकी हलत नाही. चाक १० मिमी हललं आणि स्प्रिंग ७ मिमी दबली तर गुणोत्तर ०.७, आणि त्याचा वर्ग ०.४९ घ्यायचा. म्हणजे डबल विशबोनच्या, चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या, अशा गाडीत चाकाला स्प्रिंगचा निम्माच कडकपणा मिळतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे जिथे शॉक स्वतःच चाकाला वरून धरतो तिथे, हे गुणोत्तर १ च्या जवळ असतं. त्यामुळे एका गाडीत सुखावह असलेली ८ किलोची स्प्रिंग दुसऱ्या गाडीत दात हलवते.

दोन गाड्यांची तुलना करायची तर वारंवारता काढावी, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा डोलेल. साध्या घरगुती गाड्या सेकंदाला १ ते १.३ वेळा डोलतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला १.५ ते १.९ ठीक. २ च्या पुढे गुळगुळीत ट्रॅकची हद्द सुरू होते. एका चाकावर स्प्रिंगच्या वरचं वजन ३०० किलो आणि चाकापाशी कडकपणा ३० न्यूटन प्रति मिमी असेल तर उत्तर १.६ येतं. त्याच गाडीला स्ट्रटमध्ये ८ किलोची स्प्रिंग लावली तर चाकापाशी साधारण ७० न्यूटन प्रति मिमी मिळतात आणि उत्तर २.४ येतं. अशी गाडी खराब रस्त्यावर उड्या मारणारच, शॉक कितीही चांगला असो. सूत्र सोपं आहे: कडकपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये घ्या, वजनाने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ने भागा.

मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे काम पुढे नेलं. उंचवट्यावर आधी पुढची चाकं चढतात, मागची नंतर. मागची बाजू थोडी जलद डोलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलत नाही. किट घेताना पुढच्या आणि मागच्या दोन्ही आकड्यांवरून हा हिशेब करून बघा. जिथे तो पार बिघडलेला दिसतो, ते किट तुमच्या गाडीसाठी बनवलेलं नसून तुमच्या गाडीला फक्त बसतं.

आता उंची. गाडी खाली आणली की चाकाला वर जायला उरलेली जागा कमी होते. समजा मूळ गाडीत ७० मिमी जागा आहे. ४० मिमी खाली आणली की ३० उरते, आणि त्यातलीही बरीच बंप स्टॉपच्या, म्हणजे शॉक शेवटपर्यंत दबताना धक्का झेलणाऱ्या, रबराने व्यापलेली असते. रबर दबलं की कडकपणा एकदम वाढतो, त्या चाकावरचा भार उसळतो आणि टायर सुटतो. माझ्या वळणावर नेमकं हेच होत होतं. मागचं चाक स्प्रिंगवर नव्हतंच, ते रबरावर आपटत होतं.

हे तपासायला शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक केबल टाय सैलसर बांधा आणि खाली सीलपर्यंत सरकवा. रोजच्या रस्त्यावर फिरून या. शॉक जितका दबला तितका टाय वर सरकलेला असेल. टायपासून बंप स्टॉपपर्यंतचं अंतर मोजा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि जाहिरातीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा ते खरं सांगतं. दांड्यावर ओरखडा पडू देऊ नका, सील तिथूनच फाटतं.

मॅकफर्सन गाडीत दुसरी मर्यादा लोअर आर्मच्या कोनाची आहे. उभ्या गाडीत आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली किंवा फार तर समपातळीत असावं. बाहेरचं टोक वर गेलं की चाक दबताना कॅम्बर मिळायचा थांबतो. त्याहून वाईट म्हणजे रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातं. परिणामी खाली बसवलेली गाडी मऊ स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त झोकते. टाय रॉडचाही कोन बदलतो, त्यामुळे खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप हलतं. १५ ते २५ मिमी खाली आणणं बहुतेक गाड्यांना पेलतं. फटीकडे बघून उंची ठरवू नका, वाकून आर्मकडे बघा.

शॉकचं काम स्प्रिंगची ऊर्जा जिरवणं. स्प्रिंग कडक केली आणि शॉक मूळचाच ठेवला तर दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला धरायला कुणी नसतं. म्हणून दोन्ही एकमेकांसाठी जुळवलेली जोडी घ्यायची. ट्विन-ट्यूब शॉक लहान धक्के मवाळपणे घेतो आणि स्वस्त पडतो. मोनोट्यूबमध्ये तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन तरंगत्या पिस्टनने वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे तेलात फेस होत नाही आणि उष्णता थेट नळीच्या भिंतीतून बाहेर जाते. दोन्ही प्रकारांत उत्तम आणि भिकार माल मिळतो. प्रकारापेक्षा व्हॉल्व्ह कसे जुळवलेत ते महत्त्वाचं.

व्हॉल्व्हबद्दल बोलताना 'कमी वेग' आणि 'जास्त वेग' हे शब्द येतात. ते गाडीच्या वेगाबद्दल नसून शॉकचा दांडा किती जलद हलतो त्याबद्दल आहेत. वळणात गाडी झुकते तेव्हा दांडा सावकाश हलतो, तिथे घट्टपणा हवा. खड्ड्याची कड लागते तेव्हा तो झटक्यात हलतो, तिथे व्हॉल्व्हने वाट मोकळी करून द्यायला हवी. चांगला रस्त्यावरचा शॉक हे दोन्ही साधतो. स्वस्त कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा एकत्र संच, सगळीकडे सारखाच कडक असतो, आणि लोक त्या कडकपणालाच स्पोर्टी समजतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या गाड्यांचे चालक मूळ गाडीपेक्षा कमी पकडीवर, जास्त भरवशाने वळणं घेत असतात.

विक्रेत्याला हे विचारा: पुढच्या-मागच्या स्प्रिंगचे आकडे काय, शॉकचा डायनो आलेख (दांड्याच्या कोणत्या वेगाला तो किती विरोध करतो) मिळेल का, शॉक उघडून पुन्हा भरून मिळतो का आणि कोण भरतं, वरचं माउंट रबरी आहे की धातूच्या गोलाकार जॉइंटचं, आणि उंची खालचा पाय फिरवून बदलते की स्प्रिंगची बैठक सरकवून. खालून बदलणाऱ्या रचनेत शॉकचा प्रवास तसाच राहतो. बैठक वर घेतल्याने स्प्रिंग कडक होते हा सर्रास पसरलेला गैरसमज आहे. सरळ स्प्रिंगचा कडकपणा बैठकीने बदलत नाही, फक्त उंची बदलते. धातूचं माउंट रस्त्यावर खडखडतं आणि धूळ-पाण्यात लवकर संपतं, म्हणून रबरी घ्या. गाडीत मूळचे इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर डॅशबोर्डवर दिवा पेटू नये यासाठी काय दिलंय तेही आधीच विचारा.

शॉकला फिरवायचं बटन असेल तर सगळ्यात मऊ बाजूने सुरुवात करा. उंचवट्यानंतर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. तरंगत असेल तर एक-दोन टक पुढे जा, तरंगणं थांबलं की तिथेच सोडा. अनेक शॉकमध्ये हे बटन मुख्यतः उसळी आवरतं. ते जास्त आवळलं तर ओळीने आलेल्या उंचवट्यांवर स्प्रिंगला परत उघडायला वेळच मिळत नाही आणि गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते.

माझी निवड सांगायची तर ज्याची गाडी नव्वद टक्के रस्त्यावर आहे त्याने नामांकित कंपनीचे स्पोर्ट शॉक आणि मूळ किंवा २० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घ्याव्यात. कॉइलओव्हर ज्याला उंची आणि चाकावरचे भार खरोखर जुळवायचे आहेत त्याच्यासाठी. तोही चांगला परवडत नसेल तर थांबा, मधला स्वस्त पर्याय घेऊ नका.

पाचवी पायरी: अँटी-रोल बार

बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २२ मिमीच्या भरीव बारऐवजी २४ मिमीचा घेतला की कडकपणा ४० टक्क्यांनी वाढतो. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, त्यात फसू नका.

टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. पुढे किंवा मागे, जिकडचा बार कडक, तिकडच्या वळणाबाहेरच्या चाकावर जास्त भार जातो आणि त्या जोडीची एकूण पकड घटते. म्हणून वळणात तोंड सरळ निघत असेल तर मागचा बार कडक करतात, मागचा भाग सुटत असेल तर पुढचा. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला मागचा बार बहुतेक वेळा आवडतो. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत तोच बार ओल्या रस्त्यावर आतलं चाक हलकं करून ते गरागरा फिरवतो, तिथे हात आखडता ठेवा. शिवाय बार दोन चाकांना बांधतो. एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्यालाही जाणवतो आणि गाडी डावी-उजवीकडे डोकं हलवत चालते. स्प्रिंग आणि शॉक बरोबर असतील तर बारवर थोडंच काम उरतं.

बुश कडक करायचे असतील तर आर्म फक्त एकाच अक्षावर फिरतो तिथे पॉलियुरेथेन, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिक, चालतं, ग्रीस मात्र वेळोवेळी लागतं. अनेक दिशांनी वळणाऱ्या मागच्या ट्रेलिंग आर्मला ते अडकवतं. तिथे नवं मूळ रबरच घाला.

बसवताना

स्प्रिंग कॉम्प्रेसर हलका किंवा भाड्याचा झिजलेला असेल तर काम हातात घेऊ नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. वरची माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि एकदाच वापरायचे नट त्याच वेळी नवे टाका.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: लोअर आर्मचे रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना आवळले जातात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, उंची चुकीची दिसते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. बोल्ट हातानेच लावा, चाकाखाली जॅक देऊन हब-मडगार्डचं अंतर हव्या त्या उंचीवर आणा आणि मगच टॉर्क रेंचने आवळा. मेकॅनिक करत असेल तर शेजारी उभं राहून एवढं बघाच.

अलाइनमेंट २००-३०० किलोमीटरनंतर करा, तोवर स्प्रिंगा बसतात. हेडलाइटची पातळी पुन्हा लावा. गाडीत लेन धरणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन विसरू नका. बदललेल्या भागांना तुमच्याकडच्या नियमांत आणि विम्यात जागा आहे का, तेही आधीच बघून ठेवा.

मग त्याच ओळखीच्या रस्त्यावर जा, त्याच वेगाने, केबल टाय खाली सरकवून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. साध्या रस्त्यावर टाय बंप स्टॉपला जाऊन टेकला असेल तर गाडी ५ मिमी वर घ्या, टो पुन्हा तपासा आणि परत एक फेरी मारा. माझ्या गाडीला तीन फेऱ्या लागल्या. आज ती मूळ उंचीपेक्षा १५ मिमी खाली उभी आहे, चाकावरची फट अजून दिसते, आणि त्या वळणावरच्या उंचवट्यावर मागचं चाक जागचं हलत नाही.